रंगभूमीचे ओझे

हुबळीहून निघालेली आगगाडी धारवाड, अळणावर ही स्थानके मागे टाकीत लोंढ्याला येते आणि तेथून खानापूरमार्गे बेळगावकडे वळते. गोव्याकडे उतरणारा फाटाही येथूनच सुटतो. भोवती सह्याद्रीचे दाट रान आणि मध्ये हे जंक्शन, असे आमचे लोंढा गाव. गाव लहान, परंतु मराठी नाटकाच्या इतिहासातील पुष्कळसे सामान या गावच्या फलाटावरून पुढे गेले आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. संगीतसूर्य केशवराव भोसले यांनी 'ललितकलादर्श' ही आपली नाटक मंडळी १ जानेवारी १९०८ रोजी स्थापन केली, ती हुबळी येथे. ही मंडळी काय किंवा त्या काळची दुसरी कोणतीही मंडळी काय, हुबळीचा मुक्काम हलवून रेल्वेने बेळगाव गाठायचे तर लोंढ्यावरूनच जावे लागे.

माझे आजोबा रेल्वेत नोकरीला होते. नाटकवाल्यांची गाडी आली की स्थानकावरचे हमाल सावध होत, असे ते सांगत. पालखीच्या दांड्याएवढ्या लांब पडद्यांच्या गुंडाळ्या, लोखंडी पत्र्याच्या ट्रंका, तबल्याच्या पेट्या, आचाऱ्याची भांडी! "राजवाडा, अरण्य, रस्ता आणि तुरुंग, सगळे एका डब्यात मावायचे," हे आजोबांचे वाक्य मला लहानपणी गमतीचे वाटे. त्यात व्यवहाराची केवढी मोठी गोष्ट दडली आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. आणि तीही स्वतःच्या हातून एक चूक घडल्यावर.

थर्मोकोलचा राजवाडा

आमच्या खानापूर तालुक्यात गावोगावच्या यात्रेला नाटक असते. सुगी आटोपते, तालमी सुरू होतात. दिवसा शेतावर, स्थानकावर किंवा दुकानात काम करणारी माणसे रात्री संभाजी होतात, औरंगजेब होतात. स्त्रीभूमिकांसाठी बाहेरगावाहून कलावती बोलावतात. शाळेत, कचेरीत आणि बाजारात निरनिराळ्या भाषा कानी पडणाऱ्या या सीमाभागात, वर्षातून एक रात्र सारे गाव मिळून शुद्ध, भारदस्त मराठी ऐकते, ती या नाटकाच्या निमित्ताने. त्यामुळे हे नाटक बंद पडणे म्हणजे आमच्याकडे केवळ करमणूक बुडणे नव्हे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका ऐतिहासिक नाटकाची जबाबदारी माझ्याकडे आली होती. शेजारच्या गावाने आदल्या वर्षी मोठा देखावा उभारून वाहवा मिळवली होती. आपण मागे का राहावे, या ईर्ष्येने मी थर्मोकोलचा राजवाडा करून घेतला. कमानी, महिरपी, कोरीव खांब, सिंहासनामागचे दोन हत्ती! पडदा उघडताच टाळ्यांचा कडकडाट झाला. मला धन्य वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो राजवाडा ठेवायचा कोठे, हा प्रश्न पडला. कोणाच्या घरात तेवढी जागा नव्हती. शिवाय उतरवतानाच निम्मे खांब मोडले होते. मग आम्ही तो देवळामागच्या शेतात नेऊन पेटवून दिला. काळाकुट्ट धूर उठला, वास घशात बसला. वाऱ्याने उडालेले पांढरे तुकडे ओढ्यात गेले. आमच्या नाटकाचे जुने पडदे सांभाळणारे एक वृद्ध सुतार होते. त्यांना सारे 'आबा' म्हणत. ते काठी टेकीत आले आणि म्हणाले, "पोरांनो, नाटक जाळायलाय काय?" आम्ही हसण्यावारी नेले. त्या वर्षीच्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम राजवाड्याची निघाली आणि वर्गणीवर ती भागेना, म्हणून पुढची दोन वर्षे यात्रेला नाटकच झाले नाही. आबांच्या प्रश्नाचा दुसरा अर्थ तेव्हा उमगला.

थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. म्हणूनच ते हलके, स्वस्त आणि कापायला सोपे. परंतु ते कुजत नाही, जाळले तर विषारी काजळी सोडते आणि फेकले तर कण कण होऊन पाण्यात व मातीत जाते. आता तर कायद्यानेच त्याला मज्जाव केला आहे. सजावटीचे थर्मोकोल आणि शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ असे पीव्हीसीचे फलक यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कर्नाटकात फ्लेक्सच्या फलकांवरील बंदी त्याहूनही आधीची, २०१६ सालची. कायदा झाला खरा. पण त्या जागी दुसरे काय वापरायचे, हे कायदा सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावे लागते, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

एक बाकडे, एक पडदा

लोंढ्याहून पश्चिमेला घाट उतरला की गोवा आणि त्याला लागून सिंधुदुर्ग. तेथील दशावतार वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पावसाळा सरून जत्रांचे दिवस आले की दशावतारी मंडळी देवळादेवळांतून खेळ करीत फिरतात. प्रारंभी गणपती, सरस्वती, संकासुर यांची 'आड दशावतारा'ची हजेरी आणि मग पहाटेपर्यंत पौराणिक आख्यान. नेपथ्य किती? मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडे. तेच बाकडे इंद्राचे सिंहासन होते, तोच रथ होतो, तोच पर्वत होतो. पोशाख व मुकुट पेटाऱ्यात, रंगरंगोटी ज्याची त्याने करायची, संवाद जागच्या जागी रचायचे. पूर्वी हे सारे मशालींच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात चाले. आज विजेचे दिवे आले, 'ट्रिकसीन'ही आले. तरीही खेळ संपल्यावर मागे राहतो तो केवळ नारळाच्या करवंट्यांचा आणि चुरमुऱ्यांच्या कागदांचा कचरा. नाटक म्हणून उरलेले असे टाकायला काहीच नसते.

जुन्या संगीत नाटक मंडळ्यांची पद्धत याहून खर्चिक, पण तत्त्व तेच. आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे रंगवलेला पडदा हाच नेपथ्याचा कणा होता. जाड कापडाला खळ द्यायची, सरसात कालवलेल्या रंगांनी त्यावर महाल किंवा उपवन रंगवायचे, आणि दांड्यावर गुंडाळून गावोगाव न्यायचे. रंग विटले की त्याच कापडावर नवे चित्र चढे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू असल्याच पडद्यांच्या कामातून नावारूपाला आले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे १९२२ साली मामा वरेरकरांच्या 'सत्तेचे गुलाम'साठी चित्रकार पु. श्री. काळे यांनी रंगमंचावर घराची खोली उभी केली. रंगमंच वास्तवाच्या जवळ आला. तरी त्या खोलीच्या भिंतीही लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या, म्हणजे ज्यांना आज आपण 'फ्लॅट' म्हणतो त्याच जातीच्या असत. उतरवून, एकमेकांवर रचून, पुढच्या गावी पुन्हा उभ्या करण्याजोग्या.

जुने ते सारे सोने, असे मात्र मला म्हणायचे नाही. मशालींनी मंडप पेटत, गॅसबत्त्यांनी नटांचे डोळे जात. वैभवाचा सोसही काही कमी नव्हता. गंधर्व मंडळीच्या भरजरी शालूंची आणि अत्तरांची वर्णने आपण आजही कौतुकाने वाचतो. ती मंडळी कर्जात कशी बुडत गेली, हेही त्याच पुस्तकांत लिहिलेले असते. निसर्गाचा विचार मनात ठेवून त्या लोकांनी काटकसर केली, असेही नाही. सामान गाडीत मावले पाहिजे आणि ते वर्षानुवर्षे टिकले पाहिजे, ही त्यांची गरज होती. गरजेने शिकवलेला तो धडा स्वस्त मालाच्या दिवसांत आपण विसरलो, एवढेच.

दिव्यांचा हिशेब

सामानानंतर येतो तो उजेड. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८१ साली, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात सुमारे १२०० विजेचे दिवे लागले आणि संपूर्ण विजेवर उजळलेले ते पहिले नाट्यगृह ठरले. तेव्हापासून रंगभूमीची विजेची भूक वाढतच गेली.

यात्रेच्या नाटकाला हॅलोजनचे हजार वॅटचे दहा दिवे लावले आणि नाटक पाच तास चालले, तर पन्नास युनिट वीज लागते. खेड्यात ती बहुधा डिझेलच्या जनरेटरवर मिळवतात. एक लिटर डिझेलमागे साधारण तीन युनिट धरले, तर सोळा-सतरा लिटर डिझेल जळते. आणि लिटरमागे सुमारे २.७ किलो या हिशेबाने ४५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढाच उजेड देणारे एलईडीचे दिवे दोनशे वॅटचे असले, तर दहा युनिटांत आणि तीन-साडेतीन लिटरांत काम भागते. मात्र त्यासाठी जनरेटरही लहानच मागवावा लागतो. मोठे यंत्र थोड्या भारावर चालवले की डिझेल वाया जाते, आणि दिवे बदलून झालेली बचत यंत्रच खाऊन टाकते. आमच्याकडे पहिल्या वर्षी नेमके हेच झाले.

शहरातील वातानुकूलित नाट्यगृहांत हा हिशेब दुहेरी होतो. हॅलोजनच्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. मग तीच उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज खर्चावी लागते. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे शंभर वॅट उष्णता देतो. नऊशे प्रेक्षकांचे सभागृह भरले, तर नुसत्या माणसांच्या उष्णतेसाठी पंचवीस टनांचे यंत्र चालावे लागते! म्हणून झरोके, उंच छत आणि वाऱ्याची दिशा पाहून बांधलेल्या जुन्या नाट्यगृहांकडे आता वास्तुशिल्पी पुन्हा आदराने पाहू लागले आहेत.

जुन्या नाट्यगृहांचा विषय निघाला की आम्हा सीमाभागातील लोकांना कोल्हापूर आठवल्याशिवाय राहत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेले, १९१५ साली 'पॅलेस थिएटर' या नावाने सुरू झालेले आणि पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळालेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. होते तसेच नाट्यगृह पुन्हा उभे राहिले पाहिजे, ही मागणी कोल्हापूरकरांनी त्याच दिवसांत लावून धरली. या मागणीत भावना आहे, तसेच शहाणपणही आहे. शंभराहून अधिक वर्षे ज्या दगडी भिंतींनी नाटके ऐकली, त्यांना लागलेला चुना, दगड आणि घाम हजारो प्रयोगांवर वाटला गेलेला असतो. उभी वास्तू नीट सांभाळणे हेच तिच्याबाबतीत पर्यावरणाचे पहिले कर्तव्य होय. जीर्ण विजेच्या तारा वेळीच बदलणे आणि कमी तापणारे दिवे लावणे, ही दोन कामे वीजही वाचवतात आणि वास्तूही.

मुक्काम आणि प्रयोग

आणखी एक ओझे आहे, ते मात्र रंगमंचावर दिसत नाही. पूर्वी कंपनी एखाद्या गावी आली की आठवडेच्या आठवडे तिचा 'मुक्काम' पडे. प्रेक्षक पायी किंवा बैलगाडीने येत. आता मुंबई-पुण्याची मंडळी एका 'प्रयोगा'साठी बसने येतात, मागून नेपथ्याचा टेंपो येतो, आणि रात्रीच सारे परत फिरते. निपाणी, बेळगाव, खानापूर आणि गोवा येथील संयोजकांनी परस्परांशी बोलून तारखा ओळीने लावल्या, तर एकाच खेपेत चार-पाच गावांना नाटक पाहायला मिळेल आणि प्रत्येकाचा प्रवासखर्चही कमी होईल. प्रेक्षकांच्या गाड्यांचा धूर तर नाटकाच्या धुराहून बहुधा जास्तच असतो. खेळाची वेळ शेवटच्या गाडीशी किंवा बसशी जुळवून ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय.

इंग्लंडमधील नाट्यव्यावसायिकांनी २०२१ साली 'थिएटर ग्रीन बुक' या नावाने या सर्व गोष्टींची एक नियमावली तयार केली. निर्मिती, इमारत आणि दैनंदिन कारभार असे तिचे तीन भाग आहेत. नाटकाच्या निर्मितीसाठी तिची पहिली पायरी अशी : वापरलेल्या सामग्रीपैकी निम्मी तरी आधी कोठेतरी वापरलेली असावी, आणि नाटक संपल्यावर निदान ६५ टक्के सामग्री पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडावी. मी हे वाचले तेव्हा मला आजोबांचा तो रेल्वेचा डबा आठवला. आमच्या जुन्या मंडळ्या आणि दशावतारी ही पायरी नियमावली न वाचताच ओलांडून गेल्या होत्या.

आठ फ्लॅट आणि एक वही

शेवटी आम्ही काय केले, ते सांगतो. दोन वर्षांच्या खंडानंतर नाटक पुन्हा सुरू करायचे ठरले, तेव्हा पैसे नव्हते. आबांनी पडक्या घराचे सागवानी वासे मिळवले आणि आठ चौकटी जोडल्या. त्यांवर जाड कापड ताणले. एका बाजूला महालाची भिंत, दुसऱ्या बाजूला साध्या घराची. दोन चौरंग, एक जिना, एक कमान. पुढच्या वर्षी चौकटी त्याच राहिल्या, रंग बदलला. मग शेजारच्या तीन गावांना आम्ही विचारले. त्यांच्या यात्रा वेगवेगळ्या तिथींना येतात, त्यामुळे एकच सामान चौघांना पुरते. ज्या गावाने नेले त्याने दुरुस्ती करून परत आणायचे, आणि वहीत सही करायची, असा नियम केला.

हे सारे सुरळीत चालले असे समजू नका. आमच्याकडचा पाऊस वाचकांनी पाहिलेला नाही! पहिल्याच पावसाळ्यात कापडाला बुरशी आली, दोन चौकटींना वाळवी लागली आणि उंदरांनी झालर कुरतडली. मग सामान जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवू लागलो. कडुनिंबाचा पाला घालू लागलो. पावसात उघडीप मिळाली की कापडाला ऊन दाखवू लागलो. एका वर्षी एका गावाने कमान मोडून परत केली आणि त्यावरून असे भांडण झाले की वही बंद पडते की काय, असे वाटले. "नेहमी तेच ते देखावे!" अशी कुरकूर तर दरवर्षी होते. ती अगदीच खोटी नाही. तरुण मुलांना नवे काही करून दाखवण्याची हौस असते, आणि हौस नसेल तर नाटक कोण करील? म्हणून आम्ही एक सवलत ठेवली. दरवर्षी एक नवी वस्तू करावी. मात्र ती पुढच्या वर्षी सामानाच्या खोलीत राहिली पाहिजे. या अटीमुळे मुले आता वस्तू करण्यापूर्वी ती मोडून कशी ठेवता येईल, याचा विचार आधी करतात. बांबूची एक तोफ त्यांनी अशी बनवली आहे की तिची चाके काढली तर त्यांचीच मशालदाने होतात.

त्या दोन वर्षांनंतर आमच्याकडे पैशाअभावी नाटक बंद राहिले नाही. देखाव्यावरचा खर्च वाचला, तो तालमींच्या चहापाण्याला, पुस्तकांना आणि उच्चार शिकवायला येणाऱ्या शिक्षकांच्या गाडीभाड्याला लागला. माझ्या दृष्टीने रानाचा ओढा स्वच्छ राहिला याइतकेच याचेही मोल आहे.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या वाचकांच्या मंडळांतही गणेशोत्सवाला नाटके होतात. दरवर्षी नवा देखावा होतो आणि विसर्जनाबरोबर तोही कोठेतरी विसर्जित होतो. अशा मंडळींना माझे एवढेच सांगणे की, यंदा नाटक संपल्यावर सामान हलवण्यापूर्वी एक वही घ्यावी, आणि प्रत्येक वस्तूसमोर ती कोठून आली व आता कोठे जाणार, हे लिहावे. एका गावात दोन मंडळे असतील, तर दोघांनी मिळून एकच वही ठेवावी. दुसरा कोणताही उपदेश करण्याची गरज उरणार नाही. वहीच बोलू लागेल.

आबा आता नाहीत. त्यांचा अरण्याचा पडदा मात्र आहे. त्याच्यावर किती वेळा रंग चढला, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. गेल्या यात्रेला तो उलगडला, तेव्हा एका कोपऱ्यात वरचा हिरवा रंग खरवडला जाऊन खालच्या निळ्या महालाची एक खिडकी दिसू लागली होती. रंगवणाऱ्या मुलाने ती बुजवायला ब्रश उचलला. मी त्याला म्हटले, "राहू दे. अरण्यात एखादी खिडकी असली म्हणून बिघडत नाही." तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला.